शेवटची गाडी किती वाजता?

सकाळी चांदूर रेल्वेच्या फलाटावर उभं राहिलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. लांबच्या गाडीचा प्रवासी पाटीकडं पाहतो, डब्याचा नंबर शोधतो, सामान मोजतो. पासधारक यातलं काहीच करत नाही. गाडीचा कोणता डबा कुठं येईल, कोणत्या दाराशी रेटारेटी कमी आणि बडनेऱ्याला उतरल्यावर कुठून लवकर बाहेर पडता येईल, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यांच्यात पाठीवर बॅग घेतलेल्या मुली पुष्कळ. कोणाच्या हातात ड्रॉइंग शीटची नळकांडी, कोणाच्या हातात प्रॅक्टिकलचा पांढरा कोट. गाडीला उशीर आहे असं कळलं की पहिला फोन घरी जात नाही. आधी कॉलेजातल्या मैत्रिणीला जातो: हजेरी झाली का?

यंदा संपादकांनी विषय दिला 'दूरदेश'. वऱ्हाडातली मुलं परदेशी शिकायला जातात, त्यांच्यावर लिहा, म्हणाले. अशा लेखांत विद्यापीठांची नावं आणि विमानतळावरचे फोटो पुष्कळ येतात. मला मात्र साध्याच गोष्टीचं कुतूहल होतं. तालुक्याच्या गावातलं लेकरू तिकडं सकाळी खोलीबाहेर पडतं, तेव्हा ते कशानं जातं? वाट कोणाला विचारतं? रात्री परत कसं येतं? हे जाणून घ्यायला मी अमरावती, बडनेरा आणि चांदूर इथल्या काही मुलामुलींना भेटलो. त्यांतल्या चांदूरच्या एका मुलीची हकीकत या लेखाचा कणा आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना विद्यार्थी-देवाणघेवाणीत तिची निवड झाली आणि 2024-25 चं हिवाळी सत्र तिनं जर्मनीच्या कार्ल्सरुहे शहरात काढलं. नाव छापू नका, असं तिचं म्हणणं. वडलांची कोरडवाहू शेती, कपाशी आणि सोयाबीन. आई अंगणवाडीत.

आईनं चहा ठेवता ठेवता पहिल्याच भेटीत जे सांगितलं, त्यानं माझ्या लेखाची दिशा ठरली. "पोरगी जर्मनीले गेली तवा मले झोप नाई लागली, भाऊ. पण खरं सांगू का, थे अमरावतीले जात होती तवाही सांजच्याले मले चैन पडे नाई. जर्मनीत असतानी त ती रात्री दहाले फोन करे, आई, पोचली मी म्हणून. मंग मी निवांत झोपो."

हजारो किलोमीटर दूर असलेल्या मुलीची आई निवांत, आणि तीस किलोमीटरवर असलेल्या मुलीची आई दारात उभी. हे असं का होतं?

सहानंतरचं चांदूर

चांदूरला रेल्वे जुनी. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेचा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला तो याच बाजूनं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली, तो हा काळ. स्थानकं, मालधक्के, खामगाव आणि अमरावतीचे फाटे, सगळं कापसाच्या गाठी बंदरावर नेण्याच्या हिशेबानं आखलेलं. याच जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचं दुसरं गाव असल्यानं या चांदुराच्या नावाला रेल्वे जोडली गेली.

कापसासाठी आखलेल्या त्या मार्गाची एक अडचण आजही विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो. अमरावती शहर तिथून दहा किलोमीटर आत. चांदूरहून रेल्वेनं निघालेलं पोर बडनेऱ्याला उतरतं आणि पुढं शहर बस किंवा ऑटो शोधतं. ज्याचं कॉलेज बडनेऱ्यातच आहे त्याला गाडी सोयीची. विद्यापीठाकडं किंवा शहराच्या पलीकडच्या टोकाला जायचं असेल तर रेल्वेनं वाचवलेला वेळ त्या दहा किलोमीटरात जातो.

सवलती आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. रेल्वे मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत, घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते. एसटीत पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट पास मिळतो. कॉलेजच्या विद्यार्थ्याला भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. मार्च 2023 पासून सगळ्याच बायांना एसटीचं तिकीट अर्ध्यात आहे. चांदूरला एसटीचं स्वतःचं आगार आहे. तेव्हा पैशानं प्रवास अडतो असं म्हणता येत नाही.

अडतो तो वेळेवर. सकाळी गाड्या आहेत, दुपारीही आहेत. पण प्रॅक्टिकल लांबलं, ग्रंथालयात बसावंसं वाटलं, प्लेसमेंटच्या मुलाखतीत नंबर शेवटी लागला, की घड्याळ पाहावं लागतं. कोविडच्या दिवसांत रेल्वेनं लहान स्थानकांवरचे कितीतरी थांबे काढले आणि ते परत मिळवायला गावोगावी निवेदनं द्यावी लागली, रुळांवर बसावं लागलं. थांबा गेला की नकाशावर काही बदलत नाही. पास खिशात असतो, गाडी डोळ्यांसमोरून धडधडत जाते. एसटीचा 2021-22 चा संप एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा खेड्यांतल्या किती मुलींचं वर्ष गेलं, हे कॉलेजच्या मास्तरांना विचारा. ते वर्गातली रिकामी बाकं दाखवून सांगतात.

अमरावती-चांदूर रस्ता पोहऱ्याच्या जंगलातून येतो. पोहरा-मालखेडच्या या रानात बिबट्याचा वावर. दिवसा हा रस्ता सुंदर आहे, पावसाळ्यात तर डोळे निवतात. अंधार पडला की दुचाकीवरून येणाऱ्या बापाचा जीव मुठीत असतो. म्हणून बहुतेक घरांत न बोलता एक नियम ठरलेला असतो: मुलगी दिवस असेतोवर घरी.

हा नियम काय काय ठरवतो, याची मला नीट कल्पना नव्हती. एका मुलीनं सांगितलं की तिला विज्ञान शाखा हवी होती, पण प्रॅक्टिकल दुपारनंतर असतात, म्हणून तिनं कला शाखा घेतली. दुसरी म्हणाली, खेळाचा सराव पाचला सुरू होतो. खो-खोच्या संघातून नाव काढलं. तिसरीनं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेची वर्षाची फी भरून तीन महिन्यांत सोडली. यातल्या कोणाच्याही कागदावर 'वाहतुकीची अडचण' असं कारण लिहिलेलं सापडणार नाही. तिथं लिहिलंय 'वैयक्तिक कारण'.

याच तालुक्याच्या हद्दीतून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकीला मनाई आहे, आणि चांदुरातल्या घरात असते ती दुचाकीच. एप्रिल 2025 मध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमानही सुरू झालं. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. पण अमरावतीहून रात्री आठला चांदूरला येणं मुलीला जितकं अवघड होतं, तितकंच आजही आहे.

दार आपोआप उघडत नाही

सप्टेंबरच्या शेवटी ती कार्ल्सरुहेला पोचली. पहिल्या सकाळी ट्राम थांब्यावर आली, ही वेळेवर उभी. "काका, मी उभी, ट्राम उभी. मले वाटलं, आता दार उघडंल. थे त निघून गेली!" दाराला बटण असतं आणि ते आपणच दाबायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडं एसटी थांबली की दार उघडायला कंडक्टर असतो, उतरायचं असलं तर त्याला सांगितलं की तो घंटीची दोरी ओढतो. तिकडं उतरायचं असेल तरी खांबावरचं बटण आधी दाबायचं. नाही दाबलं आणि थांब्यावर कोणी उभं नसलं, तर बस सरळ पुढं जाते.

कंडक्टर नसणं, ही तिला सगळ्यांत जड गेलेली गोष्ट. चांदूरच्या स्टँडवर प्रवासाची माहिती माणसाच्या तोंडून मिळते. 'ही गाडी कुऱ्ह्यावरून जाईन का?' असं एकाला विचारलं की चौघं उत्तर देतात. कंडक्टरला आपला थांबा ठाऊक असतो, कधी कधी आपला बापही ठाऊक असतो. तिकडं माहिती भिंतीवर आणि मोबाइलमध्ये. थांब्यावरच्या फळ्यावर पुढची गाडी किती मिनिटांत येते ते लिहून येतं, नकाशात रंगीत रेषा असतात, आणि त्या वाचणं हे प्रत्येकाचं स्वतःचं काम. पहिले काही आठवडे तिला त्या शांततेची भीती वाटायची. मग तिच्या ध्यानात आलं, की कोणाला विचारावं लागत नाही म्हणजे कोणाला सांगावंही लागत नाही. कुठं चाललीस, कोणाबरोबर, परत कधी येणार, हे प्रश्न थांब्यावरचा फळा विचारत नाही.

तिकीट तपासायला दारात कोणी नाही, अडवायला फाटक नाही. तपासनीस अधूनमधून साध्या कपड्यांत चढतो आणि तिकीट नसलं तर 60 युरो दंड. सुटं तिकीट काही ठिकाणी यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड. तिच्याबरोबरच्या एका परदेशी मुलाला तो बसला. तिनं मात्र जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास काढला होता. मे 2023 मध्ये हा पास 49 युरोत सुरू झाला, 2025 च्या जानेवारीत 58 युरोंचा झाला. ती दरवाढ तिच्या सत्राच्या मध्यातच आली आणि तिला ती चांगलीच जाणवली. या एका पासावर देशातली कुठलीही शहर बस, ट्राम, उपनगरी आणि प्रादेशिक रेल्वे चालते. लांब पल्ल्याच्या जलद गाड्या तेवढ्या नाहीत. आपल्या तेव्हाच्या हिशेबानं पाच हजार रुपयांच्या वर. रक्कम लहान नाही. पण तेवढ्यात पूर्ण देश येतो, आणि शहर बदललं, कंपनी बदलली तरी खिशातला पास तोच.

जर्मनीतल्या गाड्या काट्यावर चालतात, ही आपल्याकडची समजूत तिनं महिनाभरात सोडून दिली. 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या दर आठ गाड्यांपैकी साधारण पाचच वेळेत पोचल्या, आणि 'वेळेत' म्हणजे सहा मिनिटांहून कमी उशीर. जुने रूळ, जुने सिग्नल आणि एकाच मार्गावर झालेली गर्दी ही कारणं ते स्वतःच सांगतात. ती म्हणाली, उशीर तिकडेही होतो, पण शेवटची गाडी चुकली म्हणून कोणी मुलगी शिक्षण सोडत नाही, कारण तिच्यानंतर दुसरं काहीतरी असतं. रात्री उशिरापर्यंत ठरावीक अंतरानं गाड्या सुरू राहतात. आईला येणारा पोचल्याचा फोन त्यांच्याच भरवशावर होता.

कार्ल्सरुहे हे शहर तिच्या वाट्याला आलं, हा योग मला फार मोलाचा वाटतो. सायकलचा पूर्वज मानलं जाणारं दोनचाकी वाहन 1817 मध्ये मानहाइममध्ये चालवून दाखवणारा कार्ल ड्राइस इथला, आणि मोटारगाडीचा कार्ल बेंझही इथेच जन्मला. आपल्या कामाची गोष्ट मात्र त्याहून अलीकडची आहे. या शहराचं मुख्य रेल्वे स्थानक बाजारपेठेपासून दोनेक किलोमीटर दूर. आसपासच्या गावांतून रेल्वेनं येणाऱ्या माणसाला स्थानकावर उतरून ट्राम बदलावी लागे, म्हणून तो मोटारीनं येई. आपल्या बडनेऱ्याचाच प्रश्न, त्याहून लहान. तिथल्या वाहतूक कंपन्यांचा प्रमुख डीटर लुडविग यानं त्यावर धाडसी उपाय काढला: शहराची ट्रामच रेल्वेच्या रुळांवर चढवायची. ट्रामची वीज 750 व्होल्टची, रेल्वेची 15,000 व्होल्टची; दोन्हींवर चालेल असा डबा बनवला. 25 सप्टेंबर 1992 पासून पंचवीस-एक किलोमीटरवरच्या ब्रेटेन गावाहून निघालेली गाडी सरळ कार्ल्सरुहेच्या भर बाजारात येऊ लागली. वाटेत नवे लहान थांबे दिले, गाड्यांची संख्या वाढवली. प्रवासी काही आठवड्यांतच कित्येक पटींनी वाढले. पुढं जगभर ही पद्धत त्या शहराच्या नावानं ओळखली जाऊ लागली. गर्दी एवढी झाली की 2021 च्या डिसेंबरात बाजारपेठेखालून बोगदा काढून गाड्या जमिनीखाली न्याव्या लागल्या.

ब्रेटेनची वस्ती तीस हजारांच्या घरात. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावासारखंच गाव, आणि मोठ्या शहरापासूनचं अंतरही जवळपास चांदूर-अमरावतीएवढं. ती एका रविवारी मुद्दाम तिथं जाऊन आली. रात्री परतीच्या गाडीत तिच्यासमोर शाळकरी पोरी बसल्या होत्या, पोहण्याच्या सरावाहून घरी चाललेल्या, ओल्या केसांच्या. "त्या हसत होत्या, आपसात मोबाइल दाखवत होत्या. घड्याळाकडं एकीचंही लक्ष नव्हतं," ती म्हणाली, आणि थोडा वेळ गप्प बसली. चांदूरच्या मुलीच्या नजरेला तेच पडलं, याचं मला नवल वाटलं नाही.

ज्वारीचं पीठ आणि बंद रविवार

रोजचं जगणं शिकायला प्रवासाहून जास्त वेळ लागला. पोचल्यावर आधी नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद. ती झाल्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात. रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी आणायची विसरली, तर स्थानकावरच्या महाग दुकानाशिवाय गत्यंतर नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत, कागद निराळा, प्लास्टिक निराळं, ओलं निराळं. चुकीच्या डब्यात टाकलं तर शेजारीण दार वाजवून सांगते. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेताना 25 सेंट अनामत भरायची आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकून परत घ्यायची. तिनं खोलीतल्या बाटल्या साठवून महिन्याच्या शेवटी त्या पैशांत बटाटे-कांदे आणले.

जाताना आईनं बांधून दिलेल्या सामानाची कथा प्रत्येक घरात सारखी. युरोपात बाहेरच्या देशातून सामानात दूध किंवा मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, पेढे, खव्याची पोळी घरीच राहिली. तिखट, गोडा मसाला, मुगवड्या, कुरड्या आणि ज्वारीचं पीठ गेलं. पीठ दोन महिने पुरलं. विजेच्या सपाट शेगडीवर भाकरी फुगत नाही, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. मग थालीपीठ करायला लागली. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात ठेच्याची फोडणी दिली की धुराची घंटा वाजेल या भीतीनं खिडक्या आधी उघडायच्या. ब्राझीलची एक मुलगी आणि तुर्कस्तानचा एक मुलगा तिच्या ठेच्याचे भक्त झाले.

डिसेंबरात साडेचारला अंधार. चांदूरच्या मे महिन्यात 45 अंशांची होरपळ सोसलेल्या अंगाला थंडीचं एवढं काही वाटलं नाही, पण सूर्य न दिसण्यानं मन खचलं. तिकडच्या मुलांनी सांगितलं, दुपारी बाहेर पड, ढग असले तरी चाल. ती चालायला लागली. रस्त्यावर पायी चालणाऱ्यासाठी निराळी, सलग, स्वच्छ पट्टी असते. तिच्या शेजारच्या सायकलच्या पट्टीवर चुकून पाय पडला की मागून घंटी येते. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर पाय ठेवला आणि मोटार थांबली, हे तिला बरेच दिवस खरं वाटत नसे. आपल्यासाठी गाडी थांबवणाऱ्या माणसाला ती हात उंचावून धन्यवाद द्यायची.

पापळहून एडिंबरा

चांदूरच्या शाळेत बसून पुढं विलायत गाठलेला एक मुलगा या मातीनं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे. पंजाबराव देशमुख. जन्म 27 डिसेंबर 1898, गाव पापळ. गावच्या शाळेत वरचे वर्ग नव्हते म्हणून काही काळ चांदूर रेल्वेला शिकले, मग कारंजा, अमरावतीचं हिंदू हायस्कूल, पुण्याचं फर्ग्युसन. शिक्षणाचा प्रत्येक टप्पा म्हणजे घरापासून आणखी एक मुक्काम दूर. 1920 मध्ये ते इंग्लंडला गेले. शेतकरी बापानं कर्ज काढून मुलाला पाठवलं.

एडिंबरा विद्यापीठात त्यांनी एम.ए. केलं, संस्कृतसाठीची शिष्यवृत्ती मिळवली, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट घेतली, बॅरिस्टर झाले. एडिंबरात हिंदी विद्यार्थ्यांची संघटना 1883 पासून होती, त्यामुळं बोलायला आपली माणसं मिळत. शहर त्या काळी रस्त्याखालच्या तारेनं ओढल्या जाणाऱ्या ट्रामगाड्यांवर चालत होतं आणि 1922-23 मध्ये त्यांच्या जागी विजेची ट्राम आली. घरची खबर यायला कित्येक आठवडे लागत. आजची मुलगी रात्री दहाला आईला फोन करते. पापळच्या राधाबाईंना मुलगा पोचला हे कळायला बोटीच्या टपालाची वाट पाहावी लागली असणार.

1926 मध्ये ते परतले. बॅरिस्टर माणसानं मुंबईत वकिली थाटली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. ते अमरावतीला आले, आणि त्यांच्या पहिल्या कामांत एक होतं वसतिगृह काढण्याचं. श्रद्धानंद छात्रालय. सगळ्या जातींची, खेड्यापाड्यांतली मुलं एका छताखाली राहतील, एका पंगतीला जेवतील, अशी ती जागा. पुढं 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिचा वटवृक्ष आपण सगळे पाहतो. खेड्यातल्या मुलाचं शिक्षण बुद्धीवर अडत नाही, ते अंतरावर अडतं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवानं ठाऊक होतं. रोज येणं-जाणं शक्य नसलेल्या काळात त्या अंतरावरचा उपाय म्हणजे छात्रालय. आज राज्य सरकारची अल्पभूधारक शेतकरी आणि मजुरांच्या मुलांसाठीची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना त्यांच्या नावानं आहे, ते योग्यच आहे.

अमरावतीनं तरुणांना परदेश दाखवण्याची आणखी एक वाट काढली होती. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि तिथं देशी खेळांची, व्यायामांची प्रात्यक्षिकं केली. परदेश हे पुण्या-मुंबईच्या मुलांचं क्षेत्र, अशी समजूत आपल्याकडं नंतर कधीतरी रुजली. आधीची पिढी तसं मानत नव्हती.

एका सत्राचा हिशेब

पूर्ण पदवीसाठी परदेशी जाणं आणि एका सत्रासाठी जाणं, यांत फार फरक आहे, आणि तो आपल्या पालकांपर्यंत पोचलेला नाही. देवाणघेवाणीत दोन संस्थांचा करार असतो. विद्यार्थी फी भरतो ती आपल्या घरच्या कॉलेजात. तिकडची संस्था शिक्षणशुल्क घेत नाही. कार्ल्सरुहे ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला 2017 पासून सत्राला 1,500 युरो शुल्क पडतं. करारातून आलेल्याला ते माफ. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र आपला. व्हिसासाठी तेवढे पैसे आहेत हे दाखवावं लागतं: सध्या महिन्याला 992 युरो या हिशेबानं जर्मन बँकेतल्या गोठवलेल्या खात्यात रक्कम ठेवायची आणि दरमहा ठरलेली रक्कम काढायची. सहा महिन्यांचे जवळपास सहा लाख रुपये होतात. पुरेशी शिष्यवृत्ती असेल तर हे खातं लागत नाही.

इथंच शेतकऱ्याचं घर अडखळतं. जर्मनीची डीएएडी ही संस्था 1925 मध्ये हायडेलबर्गला विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून जन्मली आणि 2025 मध्ये शंभर वर्षांची झाली. तिच्याकडून आणि युरोपच्या इरॅस्मस योजनेतून अशा मुलांना पैसे मिळू शकतात, पण जागा मोजक्या. आपल्या राज्याची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती फार मोठं काम करते. ती पदव्युत्तर पदवीसाठी आणि पीएच.डी.साठी आहे. एका सत्रासाठी जाणाऱ्या मुलाला ती उपयोगी नाही. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्ग यांची भागीदारी 2015 पासूनची. 2024 मध्ये दोन्ही सरकारांनी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, हजारो जागांची भाषा झाली. त्याच भागीदारीत दर वर्षी तालुक्याच्या ठिकाणची काही मुलं एका सत्रासाठी पाठवण्याची तरतूद व्हायला हवी. त्याला लागणारा पैसा अशा करारांपुढं किरकोळ आहे.

या मुलीला अंशतः शिष्यवृत्ती मिळाली, उरलेल्यासाठी वडलांनी बँकेकडून कर्ज घेतलं. तिकडं शिकलेल्या विषयांचे गुण इकडं धरले जातील की नाही, ही दुसरी धाकधूक. जाण्याआधीच दोन्हीकडच्या विभागप्रमुखांच्या सहीचा विषयवार कागद करून घ्यावा लागतो. तो नसला तर परतल्यावर राहिलेले पेपर पुन्हा द्यायची पाळी येते. ज्यांनी हा कागद घाईत केला, त्यांनी ती भोगलेली आहे. पुढच्या मुलांनी हा कागद सगळ्यांत आधी करावा, हे तिनं मला दोनदा सांगितलं. अठरा पूर्ण होताच पासपोर्टही काढून ठेवावा. फी 1,500 रुपये, मुदत दहा वर्षं, आणि टपाल कार्यालयांतल्या केंद्रांमुळं आता त्यासाठी नागपूर गाठायची गरज उरलेली नाही. निवड झाल्यावर पासपोर्टच्या मागं धावताना जागा गमावलेली मुलं आहेत.

परतल्यावर

मार्चमध्ये ती आली. मुंबईहून रेल्वेनं बडनेरा, तिथून चांदूर. आठवड्याभरात कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच संध्याकाळी प्रयोगशाळेतून साडेपाचला निघताना तिनं सवयीनं मोबाइलवर पुढची गाडी पाहिली. मग घरी फोन केला. बाबा दुचाकी घेऊन बडनेऱ्यापर्यंत आले.

तिकडचं सगळं इकडं आणा, असं ती म्हणत नाही. कार्ल्सरुहेची ट्राम चांदूरला येणार नाही, तेवढा पैसाही नाही आणि तेवढी गर्दीही. तिचं मागणं मोजकं आहे. अमरावतीहून संध्याकाळी साडेसात-आठला चांदूरकडं एक खात्रीची एसटी, जी प्रवासी कमी आहेत म्हणून अचानक रद्द होणार नाही. बडनेरा स्थानकावर गाडी आली की पंधरा मिनिटांत शहराकडं जाणारी बस. आणि गाडी कुठवर आली हे मोबाइलवर खरं सांगणारी सोय. तिनं तिच्या वर्गातल्या, खालच्या वर्गातल्या मुलींकडून एक कागद भरून घेतला: गाव कोणतं, शेवटचा तास किती वाजता संपतो, शेवटची गाडी किती वाजता, आणि गाडी असती तर संध्याकाळी काय केलं असतं. मी ते कागद चाळले. शेवटच्या रकान्यात ग्रंथालय आहे, खो-खो आहे, इंग्रजीचा क्लास आहे, अर्धवेळ नोकरी आहे. एकीनं लिहिलंय, 'मैत्रिणीच्या वाढदिवसाला थांबले असते.'

वडील सुरुवातीला म्हणाले होते, एवढा खर्च करून पोरगी जर्मनीहून बसगाडीचं खूळ घेऊन आली. आता तेच गावातल्या इतर बापांकडून सह्या घेतात. "माह्या पोरीले आणाले मी जातो, भाऊ. ज्याच्या घरी गाडी नाई, त्याच्या पोरीनं काय करावं?" ते म्हणाले.

परदेशातल्या सत्रातून डिग्रीवर एक ओळ वाढते, चांगली नोकरी लागते, हे खरंच आहे. माझ्या मते त्याहून मोठी मिळकत ही, की आजवर नशिबाचा भाग मानलेली गोष्ट बदलता येते हे एका विशीतल्या मुलीनं डोळ्यांनी पाहिलं, आणि ती परत येऊन कागद भरायला बसली.

वाचकांना विनंती एवढीच. तुमच्या गावातून शिकायला जाणाऱ्या मुली किती, त्यांचा शेवटचा तास किती वाजता संपतो आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे कॉलेजच्या कागदावर लिहून, सह्यांसह एसटीच्या आगार व्यवस्थापकाला आणि रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला द्या. नवं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी वेळापत्रक बदलायचं असेल, तर दिवाळीची सुट्टी संपताच सह्यांना लागावं लागेल.